परतीची वाट असलेला उपचार

कानाच्या भोकापुढं बोट टेकवा, तोंड उघडा आणि मिटा. बोटाखाली जे सरकतं तो जबड्याचा सांधा. हे सांधे दोन, पण खालचा जबडा एकच हाड असल्यामुळे डाव्याला उजव्याशिवाय हलता येत नाही. तोंड थोडं उघडेपर्यंत सांध्याचं टोक जागच्या जागी फिरतं, त्यापुढं मात्र ते खोबणीतून निघून पुढं घसरतं. मध्ये तंतुमय कूर्चेची एक चकती असते आणि ती टोकाबरोबर पुढं-मागं होते. बोलणं, चावणं, गिळणं, जांभई देणं, सगळं या जोडीवर चालतं.

गुडघा दुखला तर कुणाकडं जायचं हे घरात सगळ्यांना ठाऊक असतं. जबड्याचं तसं नाही. दुखतं कानाजवळ, म्हणून माणूस आधी कानाच्या डॉक्टरकडं जातो. कान ठीक निघाला की दातांच्या डॉक्टरकडं जातो, आणि डोकं चढत राहिलं की मेंदूच्या. प्रत्येक दारातून वेगळं निदान घेऊन तो बाहेर पडतो. या भटकंतीत कधी कधी निरोगी दात यंत्रानं घासून झिजवले जातात, आणि मला हा लेख लिहावासा वाटला तो त्यामुळेच.

इंदूरच्या राजेंद्र नगरात, रेल्वे स्टेशनच्या आसपासच्या गल्ल्यांत, मराठी घरं पुष्कळ. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, आणि सकाळी पोह्यांवर शेव-जिरावन. खालचा संवाद अशाच एका घरातला. आत्या फिजिओथेरपिस्ट. नोकरीतून निवृत्त झाली, तरी गल्लीतले मानेचे आणि कमरेचे रुग्ण अजून तिच्याच ओट्यावर येऊन बसतात. भाचा एम.वाय. हॉस्पिटलसमोरच्या सरकारी डेंटल कॉलेजात तोंड आणि जबड्याच्या शस्त्रक्रियेचं पदव्युत्तर शिक्षण घेतो आहे. ही दोन माणसं मी रचली आहेत. त्यांची मतं मात्र खरी आहेत, आणि या विषयात काम करणारे लोक कित्येक दशकं तीच घेऊन भांडत आले आहेत. निमित्त आत्याच्या मुलीचं: वय तिशीच्या आत, सुपर कॉरिडॉरवरच्या आयटी कंपनीत नोकरी, कित्येक महिने उजवा जबडा दुखतो, तोंड उघडताना आवाज होतो, सकाळी उठल्यावर गाल आखडलेले असतात.

भाचा: ताईचा एमआरआय पाहिला मी. उजव्या सांध्यातली चकती पुढं सरकली आहे. तोंड उघडताना ती परत टोकावर चढते, तेव्हा तो टक् आवाज होतो.

आत्या: बरं. मग?

भाचा: आधी स्प्लिंट देऊ, म्हणजे दातांवर बसवायचा साचा. त्यानं भागलं नाही तर आर्थ्रोसेंटेसिस, म्हणजे सांधा धुवायचा. जागा बधिर करून दोन सुया घालायच्या, एकीतून सलाइन सोडायचं, दुसरीतून बाहेर काढायचं. जेरुसलेमच्या निट्झन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये ही पद्धत मांडली. आता सगळीकडं करतात. टाकेसुद्धा लागत नाहीत.

आत्या: तू रिपोर्टला औषध देतोयस की बहिणीला? ज्यांचा जबडा कधी दुखला नाही अशा लोकांचेही एमआरआय काढले होते अमेरिकेत, नव्वदच्या दशकात. जवळजवळ एक तृतीयांश जणांची चकती सरकलेली निघाली. त्यांना पत्ताही नव्हता.

भाचा: तो अभ्यास आम्हालाही शिकवतात. त्याच अभ्यासात, ज्यांना दुखत होतं त्यांच्यात हे प्रमाण तीन चतुर्थांशाच्या वर होतं. तो आकडा तू सोडून देतेस.

आत्या: नाही सोडत. सरकलेली चकती आणि दुखणं पुष्कळदा बरोबर असतात, हे कबूल. पण चकती जागेवर आणली म्हणजे दुखणं जातं, हे त्यातून कुठं निघतं? बरं झालेल्या कितीतरी लोकांची चकती नंतरही पुढंच असते. दुखणं थांबलेलं असतं, तोंड उघडत असतं, मग चकती कुठं का असेना.

भाचा: आणि आवाज?

आत्या: आवाज येऊ दे की. दुखत नसेल, अडकत नसेल, तर नुसत्या आवाजाला उपचार नको, हे तुमच्याच पुस्तकात आहे.

इथं आत्याचं म्हणणं मला पूर्ण पटतं. जबड्याचा आवाज इतक्या लोकांना येतो की त्या प्रत्येकाला रुग्ण म्हणायचं तर निम्म्या गल्लीला म्हणावं लागेल. आवाज ऐकून घाबरलेला माणूस दिवसातून शंभरदा तोंड उघडून तो पुन्हा तपासतो आणि शांत सांध्याला उगाच चिडवतो. काळजी करायची ती वेगळ्या बदलाची: रोज येणारा आवाज अचानक बंद झाला आणि त्याच वेळी तोंड अर्धवटच उघडायला लागलं, तर चकती पुढं अडकून बसली असण्याचा संभव असतो. अशा वेळी डॉक्टरांना लवकर दाखवावं.

आत्या: ते राहू दे. ती ज्या दातांच्या क्लिनिकमध्ये गेली होती, तिथं काय सांगितलंय ते ऐकलंस? म्हणे दातांची बैठक चुकली आहे, म्हणून जबडा दुखतो. दाढा ग्राइंड करायच्या, वर कॅप बसवायच्या, पुढं तारा.

भाचा: ते मला अजिबात पटलेलं नाही. तिथं मी तुझ्या बाजूनं आहे.

आत्या: मग तिला सांग तसं. माझं ऐकत नाही. म्हणते, तू आई म्हणून घाबरतेस.

भाचा: सांगतो. हे खूळ जुनं आहे, आत्या. जेम्स कॉस्टेन नावाचे अमेरिकेत कान-नाक-घशाचे डॉक्टर होते. १९३४ मध्ये त्यांनी अकरा रुग्णांवरून एक निबंध लिहिला. मागच्या दाढा गेल्या की जबडा जास्त मिटतो, सांध्याचं टोक मागं रेटलं जातं, तिथल्या नसांवर दाब पडतो, म्हणून कान दुखतो, कानात आवाज येतो, चक्कर येते. पुढं शरीररचनेच्या अभ्यासकांनी दाखवून दिलं की दाब तिथं तसा पडतच नाही. तोवर दातांना दोष द्यायची सवय लागून गेली होती. उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेचा २००३ चा आढावा आहे. दात घासून चावा बदलल्यानं हा त्रास बरा होतो किंवा टळतो, याला त्यांना पुरावा मिळाला नाही.

आत्या: म्हणजे दातांचा काही संबंधच नाही?

भाचा: असं नाही. कालपर्यंत ठीक होतं, आज नवी कॅप किंवा फिलिंग बसवलं आणि उद्यापासून जबडा दुखायला लागला, तर ते उंच राहिलेलं फिलिंग घासून बरोबर करायलाच हवं. ती त्या कॅपची किंवा फिलिंगची चूक. तिच्यासाठी शेजारच्या धडधाकट दाढा का घासायच्या?

दातावरचं इनॅमल एकदा काढलं की शरीर ते पुन्हा बनवत नाही. कॅप बसवलेली दाढ पुढं कधीतरी नवी कॅप मागते, कधी रूट कॅनाल मागते. आणि जबड्याचं हे दुखणं बहुतेकांच्या बाबतीत कमी-जास्त होत काही महिन्यांत आपोआप बरंच निवळतं. निवळण्याच्या सुमारास दात घासले गेले तर श्रेय त्या घासण्याला जातं. डॉक्टरही फसतो आणि रुग्णही. आपण खोटं बोलतोय असं त्या डॉक्टरला वाटत नसतं, म्हणून हा प्रकार थांबवणं इतकं अवघड जातं.

आत्या: दातवाल्यांचं झालं. आता तुझ्या सर्जन लोकांचं बोल.

भाचा: तू विटेकवर येणार, मला माहीत होतं.

आत्या: तूच सांग. माझ्या तोंडून आलं तर म्हणशील, आत्याचा पूर्वग्रह आहे.

भाचा: सांगतो. सत्तर-ऐंशीच्या दशकांत चकती खराब दिसली की ती काढायची आणि तिच्या जागी काहीतरी बसवायचं, अशी रीत पडली होती. अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या विटेक कंपनीनं प्रोप्लास्ट आणि टेफ्लॉनचं एक पातळ पान काढलं. १९८३ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाची परवानगी मिळाली, तीही आधीच्या उत्पादनांशी मिळतंजुळतं आहे एवढ्याच आधारावर. माणसांवर दीर्घकाळ वापरून बघा, असं कुणी सांगितलं नाही. हजारो लोकांच्या सांध्यांत ते बसलं. त्यात बायका जास्त.

आत्या: आणि चावायला लागल्यावर?

भाचा: चावण्याचा जोर त्याला सोसेना. तुकडे पडले, बारीक कण सुटले. परका कण दिसला की शरीर त्याच्याशी लढतं, तसं लढायला लागलं आणि त्या लढाईत शेजारचं हाड झिजत गेलं. काहींच्या बाबतीत वरची खोबण पार मेंदूच्या बाजूपर्यंत खचली. १९९० मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. त्याच्या मागोमाग प्रशासनानं इशारा काढला, ज्यांना बसवलंय त्यांना शोधून तपासा म्हणून. कित्येकींवर त्यानंतर पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया झाल्या. काहींचं दुखणं जन्माचं झालं.

आत्या: आणि त्यातल्या पुष्कळ जणींची मूळ तक्रार काय होती?

भाचा: दुखणं. आवाज. कधी कधी अडकणं.

आत्या: तुझ्या ताईला आहे तेच.

भाचा: हो. तेच.

(या उत्तरावर भाचा काही वेळ बोलला नाही, असं मी मुद्दाम लिहितो. ज्यांना या प्रकरणाची माहिती आहे असे सर्जन याबद्दल बोलताना आवाज खाली आणतात. चकती काढण्याच्या शस्त्रक्रियेविरुद्ध आज ठाम शिफारस आहे. ती वाचताना मला या बायका आठवतात.)

भाचा: पण त्यावरून शस्त्रक्रिया म्हणजे वाईट, असं म्हणू नकोस. १९९९ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळालेला कृत्रिम सांधा रुग्णाच्या सीटी स्कॅनवरून त्याच्या मापाचा बनवतात. टोक धातूचं, खोबण टणक पॉलिथिलीनची, खुब्याच्या कृत्रिम सांध्यात वापरतात तसल्या जातीची. सांधा पूर्ण झिजला असेल, संधिवातानं खाल्ला असेल, आधीच्या शस्त्रक्रियांनी वाट लागली असेल, तर दुसरा मार्ग नसतो. आणि अँकिलोसिसचं, म्हणजे जुळून गेलेल्या सांध्याचं, काय करशील? तिथं तुझे व्यायाम एकटे काय करणार?

आत्या: तिथं काहीच नाही करणार. ते मी कधी नाकारलं?

भाचा: मग ताईच्या गोष्टीत मी शस्त्रक्रियेचं नाव काढलं तरी तू अंगावर का येतेस? आमच्या वॉर्डात नऊ वर्षांचा मुलगा आहे. तीन वर्षांचा असताना जिन्यावरून हनुवटीवर आपटला. हनुवटीला टाके घातले, जखम भरली, घरचे निश्चिंत झाले. आत कानापुढं सांध्याचं टोक मोडलं होतं, हे कुणी पाहिलंच नाही. तिथं रक्त साकळलं, त्याचं हाड झालं आणि जबडा कवटीला जुळून गेला. आज त्याच्या दातांमध्ये बोटसुद्धा जात नाही. वरण-भात दातांच्या फटीतून आत ढकलतो. जबड्याची वाढ त्याच टोकापाशी होते, म्हणून हनुवटी मागंच राहिली. झोपेत श्वास अडकतो. ब्रश आत जात नाही, म्हणून दात किडले. त्याला भूल द्यायची तर नळीसुद्धा नाकातून, दुर्बिणीनं वाट शोधत घालावी लागते. सहा वर्षं वाया गेली, आत्या. लवकर कापायला हवं होतं.

आत्या: हनुवटीवर पडलेलं मूल दिसलं की कानापुढं हात लावून बघा, हे प्रत्येक कॅज्युअल्टीत लिहून लावायला हवं.

भाचा: हवंच. कान फुटून पू आत उतरला तरी असंच होतं. आपल्याकडं हे रुग्ण अजून येतात. श्रीमंत देशांतल्या पुस्तकांत त्यांना अर्धं पान मिळतं.

आत्या: कापल्यावर पुढं काय करता?

भाचा: जुळलेलं हाड काढायचं, मध्ये फट ठेवायची, कानशिलाच्या स्नायूचा पडदा फटीत सरकवायचा. पुन्हा जुळू नये म्हणून.

आत्या: आणि तरी जुळतो. कधी जुळतो? मूल रडतं, आईच्यानं बघवत नाही, व्यायाम बंद पडतो, तेव्हा. नोकरीत असताना माझ्याकडं यायची अशी मुलं. आईस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांमध्ये सरकवायच्या. आज दहा गेल्या, तर चार दिवसांनी अकरावी. दुखतं, मूल ओरडतं, आई माझ्याकडं बघते. तुमची शस्त्रक्रिया एका दिवसात होते. ती टिकवायला पुढं कित्येक महिने काड्या लागतात. तुझ्या सरांना विचार, पुन्हा जुळलेले सांधे कुठल्या घरांतले असतात ते.

भाचा: सर हेच सांगतात. ऑपरेशनच्या आधी आई-वडिलांना बसवून काड्या दाखवतात.

जबड्याच्या सांध्याचा त्रास या एका नावाखाली किती वेगळी दुखणी एकत्र येतात ते इथं दिसतं. जुळलेला सांधा थांबून सुटत नाही. दुखरा, आवाज करणारा सांधा बहुधा थांबल्यानं सुटतो. आणि निखळलेला जबडा तर मिनिटांत बसवायचा असतो: अंगठे खालच्या दाढांवर ठेवून आधी खाली दाबायचं, मग मागं सरकवायचं. निखळलेली हनुवटी जागेवर आणणं, शेक देणं आणि पट्टीनं बांधणं सुश्रुतसंहितेतही सांगितलं आहे, इतकी ही विद्या जुनी आहे. तिन्ही रुग्ण ‘जबडा’ एवढंच म्हणत दारात येतात.

इंदुरात चौथाही येतो.

भाचा: आमच्या ओपीडीत ‘तोंड उघडत नाही’ म्हणून येणाऱ्या तरुण पोरांचा सांधा पुष्कळदा चांगला असतो. गालाला आतून बोट लावलं की दोऱ्या लागतात. गाल पांढरट, चिवट. तिखट खाल्लं की आग होते. सुपारीनं झालेलं असतं ते. सबम्यूकस फायब्रोसिस.

आत्या: गुटखा तर बंद झाला ना?

भाचा: १ एप्रिल २०१२ पासून. मध्य प्रदेशानं ती बंदी महाराष्ट्राच्याही आधी आणली. मग सुपारीची पुडी वेगळी आणि तंबाखूची वेगळी विकायला लागले. पोरं हातावर मिसळतात. तंबाखू सोडली तरी नुसती सुपारी पुरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २००४ मध्ये सुपारीला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलंय. अशा पोराला कुणी जबड्याचे व्यायाम आणि शेक देऊन घरी पाठवलं, आणि गालात कॅन्सर वाढत राहिला, तर?

आत्या: म्हणून तोंड आतून बघितल्याशिवाय मी कुणाच्या जबड्याला हात लावत नाही. आणि पन्नाशी उलटलेल्या माणसाचा जबडा चावता चावता थकून दुखायला लागला, कपाळाच्या बाजूला हात लावला तरी दुखतं, दिसणं धूसर होतं, तर त्याला त्याच दिवशी डॉक्टरकडं पाठवते. ती रक्तवाहिनीची सूज असू शकते. उशीर झाला तर डोळा जातो. जिना चढताना जबडा दुखतो आणि थांबलं की राहतो, त्याचं हृदय आधी बघायचं.

भाचा: आता ताईकडं येऊ. तुझा मार्ग काय?

आत्या: ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २०२३ च्या डिसेंबरात मार्गदर्शक सूचना आल्या. तीन महिन्यांवर चाललेल्या जबड्याच्या दुखण्यासाठी. त्यांनी ठाम शिफारस कशाची केली? समजावून सांगणं, धीर देणं, घरी करायचे व्यायाम. देखरेखीखालचे जबड्याचे आणि मानेच्या ठेवणीचे व्यायाम. हातानं सांधा मोकळा करणं, स्नायूतल्या दुखऱ्या गाठी दाबणं. आणि विचार-वर्तनाची मानसोपचार पद्धत. चकती काढणं आणि चावा कायमचा बदलणारे स्प्लिंट, यांच्या ठाम विरुद्ध. आणि तुझं सांधा धुणं आणि साधा स्प्लिंट, दोन्ही ‘शक्यतो नको’ या रकान्यात.

भाचा: ‘शक्यतो नको’ म्हणजे ‘नको’ नव्हे. पुरावा कच्चा आहे, फायदा ठरत नाही, म्हणून त्यांनी सौम्य शब्द वापरला. आणि त्या सूचना जुनाट दुखण्याच्या आहेत. ज्याचा जबडा कालपरवा अडकला, ज्याचं तोंड पंचवीस मिलिमीटरवर थांबलं, त्याच्याबद्दल त्या बोलत नाहीत. तिथं सांधा धुतल्यावर तोंड उघडलेलं मी स्वतः पाहिलंय.

आत्या: अडकलेल्या सांध्यासाठी धू. मी अडवणार नाही. ताईचं तोंड किती उघडतं?

भाचा: एकेचाळीस.

आत्या: तिची स्वतःची तीन बोटं जातात. मग काय धुणार आहेस?

भाचा: ठीक. सांधा धुणं मागं घेतो. पण स्प्लिंट मी सोडणार नाही. ती रात्री दात खाते. दाढांवर झीज दिसते. कडक ॲक्रिलिकचा, सगळ्या दातांवर बसणारा, फक्त रात्री घालायचा. दुखणं थांबो न थांबो, दात तर वाचतील.

आत्या: दात वाचवायला दे. जबडा बरा करायला दिलाय असं सांगून देऊ नकोस. आणि जबडा पुढं ओढणारा देऊ नकोस.

भाचा: तो नाहीच. तो महिनोन्महिने लावला तर मागच्या दाढा टेकेनाशा होतात. मग त्या टेकवायला पुन्हा कॅप.

आत्या: बघ, फिरून तिथंच आलो.

भाचा: आणखी एक विचारतो. मानसोपचाराचं नाव काढलंस तर ताई चिडेल. सगळे आधी तेच म्हणाले होते, ‘टेन्शन घेऊ नकोस’.

आत्या: चिडायलाच हवं. दुखणाऱ्या बाईला ‘तुझ्या मनाचं आहे’ म्हणणं हा अपमान आहे. हा त्रास बायकांना जास्त होतो, वीस ते चाळीसच्या वयात, आणि त्यांनाच हे वाक्य सगळ्यात जास्त ऐकावं लागतं. तिचं दुखणं खरं आहे. पण झोप बिघडली, काळजी वाढली, की दात आवळले जातात आणि मेंदू साध्या दुखण्यालाही मोठं करून ऐकतो. हेही खरं आहे, आणि शरीरातच घडतं. तिला रोज रात्री दोनला अमेरिकेतल्या लोकांशी बोलावं लागतं. ते बंद करणं माझ्या हातात नाही. दुपारी कॉम्प्युटरवर दात आवळले गेलेत हे तिच्या लक्षात येणं, एवढं शिकवता येतं. ओठ मिटलेले, दात सुटलेले, जीभ वरच्या दातांच्या मागं टेकलेली. दर तासाला एकदा बघायचं.

जबडा मिटलेला असताना दात एकमेकांना टेकलेले असावेत, अशी बहुतेकांची समजूत असते. खरं तर विश्रांतीत वरच्या आणि खालच्या दातांमध्ये थोडी फट असते. चावताना आणि गिळताना काय टेकतील तेवढेच. हे कळल्यावर दिवसभर आवळलेले दात सोडायला शिकलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि या आजाराच्या सगळ्या उपचारांत मला हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते. तिला यंत्र लागत नाही, पैसे लागत नाहीत, आणि कदाचित म्हणूनच ती सांगायला कुणी फारसा वेळ देत नाही.

भाचा: खाण्याचं काय सांगितलंस?

आत्या: काही आठवडे मऊ खायचं. इंदुरात ते अवघड नाही. भुट्टा कणसावरून दातांनी ओरबाडून खायचा नाही, त्याचा कीस खायचा. पोहे चालतील, वरची जाड शेव नको. कडक बाफले नकोत. सुपारी, च्युइंगगम, नखं, पेनचं टोपण, सगळं बंद. जांभई आली की हनुवटीखाली मूठ धरायची. दोन्ही गालांना ओल्या गरम फडक्यानं शेक. मोबाइल खांदा आणि कान यांच्यात धरायचा नाही. जीभ टाळ्याला लावून तोंड सावकाश उघडायचं, सहा वेळा, दिवसातून काही वेळा. दुखेपर्यंत ताणायचं नाही. ताणायचं ते तुझ्या वॉर्डातल्या मुलाला, हिला नाही.

भाचा: आयब्युप्रोफेन?

आत्या: तुझं खातं. पोट आणि मूत्रपिंड बघून थोडे दिवस दे, पण नुसत्या गोळीवर ठेवू नकोस. आणि झोपेच्या गोळ्या अजिबात नकोत.

भाचा: बोटॉक्सबद्दल ताईनं विचारलं होतं. चेहरा बारीक होतो म्हणून मैत्रिणी घेतात म्हणे.

आत्या: तू काय सांगितलंस?

भाचा: त्याच सूचनांमध्ये तेही ‘शक्यतो नको’मध्ये आहे म्हणून. चावण्याचा स्नायू मुद्दाम दुबळा करायचा, तर त्याच्या खालच्या हाडाचं पुढं काय होतं, हे मला आधी कळायला हवं. चेहरा बारीक करायला घ्यायचं असेल तर तसं म्हणून घे, दुखण्याच्या नावानं नको.

आत्या: हे बरं सांगितलंस.

भाचा: मग असं करू. तीन महिने तुझा व्यायाम, माझा रात्रीचा स्प्लिंट. दर पंधरा दिवसांनी मी पट्टीनं तोंड मोजणार. तीसच्या खाली आलं, किंवा जबडा अडकला, किंवा व्यायाम करूनही दुखणं वाढत गेलं, तर मी तिला सरांकडं नेणार आणि सांधा धुवायचं ठरलं तर तू आडवी येणार नाहीस.

आत्या: पस्तीसच्या खाली आलं की ने. तीसपर्यंत कशाला थांबायचं? अडकलेला सांधा लवकर बघितलेला बरा.

भाचा: तू मला लवकर घेऊन जा म्हणतेस?

आत्या: अडकला तर. मी उपचाराच्या विरोधात कधी नव्हते. आणि दुसरं, त्या क्लिनिकची अपॉइंटमेंट सोमवारी आहे. फोन करून रद्द कर.

भाचा: मी करू? ती माझी बहीण आहे, पण वयानं मोठी आहे. तिनंच करायला हवा.

आत्या: तिला आधी एमआरआय समोर ठेवून सगळं सांग, आवाजाचंसुद्धा. चकतीचं चित्र काढून दाखव. आणि तिला एवढंच विचार, की दाढा घासून जबडा थांबला नाही तर त्या दाढा परत कोण देणार, हे तिनं तिकडं विचारलं आहे का.

भाचा: आणि तरी तिला जायचं असेल तर?

आत्या: तर तू बरोबर जा. खुर्चीत बसून ऐक. ग्राइंडिंगची तारीख लगेच घेऊ नका म्हण, दुसऱ्या कुणाकडून, दात न घासणाऱ्या कुणाकडून, लेखी मत आणतो म्हण. तुझ्या कॉलेजात ओपीडी सकाळी किती वाजता सुरू होते?